सुभेदारांचं जागरण

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी एक वेगळीच ड्यूटी लागते. मुलं अभ्यासाला बसलेली आणि त्यांना चहा करून देण्यासाठी आई जागी. वडील बहुधा आतल्या खोलीत घोरत असतात. (वडीलमंडळींनी रागावू नये, अपवाद आहेतच.) असाच एक अपवाद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत, लोअर परळच्या डबक चाळीत राहत होता. आतल्या खोलीत जाऊन झोपण्याची त्यांना सोयच नव्हती, कारण घर होतं एका खोलीचं. त्याच खोलीत चूल, सरपण, जातं, माणसं आणि एक शेळीसुद्धा!

एवढ्या गर्दीत अभ्यास कसा व्हावा? वडिलांनी त्यावर एक तोड काढली. मुलानं रात्री लवकर झोपायचं. वडील दोन वाजेपर्यंत जागत बसायचे. दोन वाजले की मुलाला उठवायचे आणि त्यानं रिकाम्या केलेल्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. बिनकाचेच्या चिमणीच्या उजेडात मुलाचा अभ्यास सुरू व्हायचा. लष्करातून निवृत्त झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या माणसानं हा नेम चालवला.

हे वडील म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि मुलगा भीमराव, अर्थात डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मुलगा एवढा मोठा झाला की बापाची ओळख मुलाच्या चरित्रातल्या पहिल्या दोन-चार पानांत आटोपते. रामजींचंही तसंच झालं. पण ती पानं जरा सावकाश वाचावीत अशी आहेत.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते, तेही लष्करात गेले. पुण्यात शिक्षकाचं शिक्षण घेऊन ते लष्करी शाळेत शिकवू लागले आणि मुख्याध्यापक झाले. ज्या समाजाच्या मुलाला गावच्या शाळेत धड बसू देत नसत, त्या समाजातला हा मुख्याध्यापक. पत्नी भीमाबाई. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेला भीमराव हे त्यांचं चौदावं अपत्य. चौदांतली मोजकीच मुलं जगली. पुढे निवृत्ती, मग दापोली, मग साताऱ्यात नोकरी. तिथेच भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते.

रामजी कबीरपंथी. घरात भजन आणि अभंग नेमानं म्हटले जात आणि मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतलं जाई. छोट्या भीमरावांना याचा कंटाळा येई. हे कशासाठी वाचायचं, असं त्यांनी एकदा वडिलांना विचारलंही. अस्पृश्य म्हणून वाढणाऱ्या मुलांच्या मनात आपण कमी आहोत ही भावना रुजते, ती जावी म्हणून, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. द्रोण आणि कर्ण कुठून कुठे पोचले ते पाहा, असं वडिलांचं म्हणणं. मुलाला ते सगळं पटलं नाही, पण हे बोलणं तो विसरलाही नाही. १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यानं ते नोंदवून ठेवलं.

साताऱ्याच्या घरातली आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रामजींची थोरली मुलगी वारली होती आणि तिचे दोन मुलगे आजोबांकडेच वाढत होते. म्हणजे स्वतःची आईवेगळी मुलं आणि त्यांच्या जोडीला आईवेगळे नातू. त्यात रामजींना दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून खटाव तालुक्यात जावं लागलं. तिथे तलाव खोदण्याचं काम चाललं होतं. घरी मुलांची आत्या होती. मायाळू, पण शरीरानं अधू. तेव्हा मुलंच स्वयंपाक करत. भाकरी थापायला जमेना म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करत, कारण तोच सोपा!

रोखपालाला तिजोरी सोडून येता येत नव्हतं. म्हणून १९०१ च्या सुमारास आजोबांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना आपल्याकडे बोलावलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून मुलं आगगाडीनं मसूरला उतरली. न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरकला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, पण गाडीवान शेजारी बसेना. मुलांनीच गाडी हाकली आणि तो बाजूनं चालला. डबा बरोबर होता, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलं पोचली, तेव्हा रामजी थक्क झाले. मुलांनी पाठवलेलं पत्र नोकरानं त्यांना दिलंच नव्हतं.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रवास सविस्तर लिहिला आहे. वाचताना मन त्या मुलांबरोबर जातं, आणि ते स्वाभाविकच आहे. पण उंबऱ्यात उभ्या असलेल्या त्या बापाला, त्या आजोबांना काय वाटलं असेल? हौसेनं बोलावलं ते आपणच.

रामजींचं सगळंच मुलाला आवडत होतं असं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भीमराव दुखावले. वडिलांवर अवलंबून राहायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्यांनी ठरवलं आणि भाड्यासाठी आत्याच्या पैशांच्या पिशवीवर डोळा ठेवला. पिशवी हाती लागली तेव्हा त्यात निघाला अर्धा आणा! त्या फजितीनंतर त्यांनी मन अभ्यासाकडे वळवलं, असं त्यांनीच सांगितलं आहे.

मग मुंबई आणि एल्फिन्स्टन हायस्कूल. रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं घोटून घेतली. मुलाला वाचनाचं वेड, आणि पुस्तकांना पैसे कुठले? मग सुभेदार लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जात. आधी धाकटीकडे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिचा एखादा दागिना घेऊन तो मारवाड्याकडे गहाण ठेवायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. लेकीच्या दारात हात पसरणं त्या काळच्या बापाला किती जड गेलं असेल, हे वेगळं सांगायला नको. झळ आणखीही एकाला लागली. दोन मुलांचं शिक्षण पेलेना म्हणून भीमरावांच्या वरच्या भावाची, आनंदरावांची, शाळा सुटली आणि त्यांना कामाला लागावं लागलं.

एवढं करून कौतुकाची वेळ आली तर हेच आड आले! मुलाच्या सत्काराची सभा भरवायचं लोकांनी ठरवलं, तेव्हा रामजी तयार होईनात. परीक्षाच तर पास झाला आहे, पोराच्या डोक्यात हवा जाईल, हे त्यांचं म्हणणं. अखेर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांचं मन वळवलं.

१२ डिसेंबर १९१२ रोजी भीमरावांना मुलगा झाला, यशवंत. पुढच्याच महिन्यात भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. मुलानं तिथे जावं हे रामजींना पसंत नव्हतं. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि भीमराव तडक निघाले. वाटेत सुरत लागलं. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते स्टेशनवर उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसरी गाडी मिळून घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

रामजी बोलण्याच्या पलीकडे गेले होते, पण त्यांची नजर मुलाला शोधत होती. मुलगा जवळ येताच त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी डोळे मिटले. घरातला सगळ्यांत धाकटा नातू त्या दिवशी अवघ्या सात आठवड्यांचा होता.