माळ्यावरची ट्रंक

दिवाळीची झाडलोट ही घराची झडतीच असते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. गेल्या वर्षी ही झडती मुंबईत आटोपून थेट मसुऱ्याला पोचली. आईचा निरोप आला होता, ‘माळ्यारच्या ट्रंकेक वाळवी लागली हा. येवन काय ता बघ.’

ट्रंक बाबांची. गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाची. भराडीदेवीच्या जत्रेला ते गावी येत तेव्हा ती बरोबर असे. आत मनिऑर्डरींच्या पावत्या, दोन धोतरे, आणि तळाशी एक पाकीट. पाकिटात १९८९ सालची दोन इंदिरा विकास पत्रे आणि दहा हजारांची किसान विकास पत्रे! बाबा १९९३ साली अचानक गेले. घरात कोणालाच या पत्रांचा पत्ता नव्हता.

वाळवीने पहिला घास इंदिरा विकास पत्रांचा घेतला होता. आकडे नाहीत, शिक्का नाही. पोस्टातल्या गृहस्थांनी ती हातात घेतली आणि हळूच परत ठेवली. १९८६ साली निघालेल्या या पत्रांवर नावच नसे. ज्याच्या हाती कागद, त्याचे पैसे! पाच वर्षांत दुप्पट खरे, पण कागद हरवला किंवा ओळखू येईनासा झाला की कारभार आटोपला. हरवलेल्या अशा पत्रांचा दावा २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही.

किसान विकास पत्रांची गोष्ट निराळी. ती १९८८ साली आली, तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत. त्यांवर मालकाचे नाव आणि पोस्टात नोंद. कडा कुरतडल्या होत्या, पण क्रमांक शाबूत होते. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या अशा रकमा २०१६ च्या नियमांप्रमाणे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. मात्र तिथे गेल्यावरही पंचवीस वर्षांपर्यंत वारसाला त्या मागता येतात, हे मला त्या दिवशी कळले.

“वारस कोण लावलाय?” गृहस्थांनी विचारले. मागची नोंद वाचली, आणि मी गप्प झालो. तिथे आईचे नाव होते.

‘तुझ्या बापाशीन माझ्यासाठी काय ठेवल्यान?’ हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो होतो. १९९५ साली बहिणीच्या लग्नात तिने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. तेव्हा हीच पत्रे दुप्पट होऊन माळ्यावर पडलेली होती!

अर्ज, बाबांचा मृत्यूचा दाखला, आईची ओळखपत्रे. पत्रे मुंबईच्या पोस्टातली, त्यामुळे तिथली नोंद ताडून यायला दीड महिना लागला. अखेर वीस हजार आणि वर थोडे आईच्या खात्यात जमा झाले. त्या काळी त्यात पाटल्या येत्या. आज सोन्याचा भाव विचारायचीही सोय नाही.

मी पासबुक आईच्या हातात दिले. बराच वेळ ती आपल्या नावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ठेवल्यान हा खरा. पण तेवाच सांगल्यान असता, तर माझ्यो पाटल्यो ऱ्हवल्यो असत्यो.”

पाडव्याला मी सौभाग्यवतींना ओवाळणीत साडी दिली, आणि सोबत एक वही. कोणता कागद कुठे, क्रमांक काय, वारस कोण, सारे तीत लिहिले आहे. साडी कपाटात गेली. वही मात्र त्यांनी दोनदा वाचली.