न्यायला नव्हे, भेटायला या!

फराळाच्या ताटाशेजारी असला विषय मांडला म्हणून कोणी रागावणार असेल तर त्याने खुशाल रागवावे. मुलाबाळांवाचून दिवाळी कसली, असे आपणच म्हणतो ना? मग ज्या मुलाला घरच नाही, त्याची गोष्ट याच अंकात यायला हवी.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी इटलीहून एक जोडपे आले. बालगृहातली एक मुलगी त्यांना दत्तक मिळाली होती, तिला न्यायला. मुलगी साडेसात वर्षांची, माझ्याच शाळेत दुसरीत. एक पाऊल जन्मापासून आत वळलेले. चालताना जरा लंगडते, पण पळायला लागली की कोणाच्या बापाला सापडत नाही. संस्थेतल्या बाई ऐन वेळी तापाने पडल्या आणि दुभाष्या म्हणून मला बोलावणे आले. माझे इंग्रजी मॅट्रिकचे, त्या दोघांचेही बेताचे. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून इटालियनमध्ये असा शब्दांचा प्रवास चाले आणि दर स्टेशनावर थोडा माल उतरून राही.

माणसे चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. बाईंचे डोळे सारखे भरून येत. साहेबांनी पोरीच्या बुटाचे माप कागदावर घेऊन ठेवले होते. पण ही चांगली माणसे राहिली किती दिवस? आमच्या गावात तीन! विमानाची तिकिटे ठरलेली, रजा मोजकी, पुढे दिल्लीची कामे. तीन दिवस रोज दोन-तीन तास, कचेरीतल्या टेबलाशी भेट. तत्पूर्वी काय ते फोनच्या पडद्यावर पाहिलेले. ती झोपते कुठे, कोणाच्या शेजारी जेवते, शाळेच्या वाटेवर कुठल्या कुत्र्याला घाबरते, यातले काही त्यांनी पाहिले नाही. पाहायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेही नाही.

पहिल्या दिवशी पोरीने मला हळूच सांगितले, “गुरुजी, यांना विचारा, रात्री लाइट घालवतात का?” मी विचारले. छोटा दिवा ठेवू, असे ते म्हणाले. तिला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “त्यांच्याकडं मराठी कोण बोलतं?” मी ते भाषांतरित केलेच नाही, उत्तर मला माहीत होते. तिसऱ्या दिवशी तिने काहीच विचारले नाही. गाडी आली तेव्हा माझी बाही धरून म्हणाली, “गुरुजी, तुम्ही कवा येणार?” मी म्हटले, “येईन की, दिवाळीत.” खरे बोलावे म्हणून पोरांना पंचवीस वेळा लिहायला लावणारा मी मास्तर! ती दिवाळी गेली, ही आली.

तीन महिन्यांनी संस्थेमार्फत त्या बाईंचा निरोप आला. मुलगी रात्री एकच शब्द पुन्हापुन्हा बोलून रडायची, त्याचा अर्थ काय? शब्द होता गोधडी. मी अर्थ कळवला. उलट निरोप आला, आभार; पण आता ती तो शब्द बोलत नाही.

या प्रकाराला मी क्रूर म्हणतो, मग तो कितीही प्रेमाने होवो. आणि मी हळवेपणाने बोलतो आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे ऐकावे. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही माणसांची मोठेपणी तपासणी झाली. २००३ साली तिचे निष्कर्ष छापून आले. कोरियन वाक्ये कानांवर घातली तर ती कोरियन आहेत हेसुद्धा त्यांना ओळखता येईना. आठ वर्षांची जीभ पुसली जाते, वाचकहो! आईने हाक मारलेली भाषा परकी होते. मूल नवी भाषा भराभर शिकते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. जुनी कोणत्या भावाने गेली, हे विचारत नाही.

पूर्वी याहून वाईट होते. कोरियातले युद्ध थांबल्यावर, १९५५ साली, ओरेगनच्या हॅरी होल्ट नावाच्या शेतकऱ्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली आणि पुढे हजारोंची वाट मोकळी झाली. त्या देशातून पुढच्या काळात दीड-दोन लाख मुले बाहेर गेली. पुष्कळ आईबाप न्यायलाही जात नसत. कोणीतरी परका प्रवासी मूल मांडीवर घेऊन विमानात बसे आणि पलीकडच्या विमानतळावर ते आईबापांच्या हाती देई. प्रवास करायचा तो मुलानेच! त्या देशाच्याच सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये कबूल केले की कागदपत्रे खोटी झाली, आईबाप हयात असलेली मुले अनाथ म्हणून गेली. आईबापांनी स्वतः जाऊन मुलाचे गाव पाहिले असते, चार शेजाऱ्यांना विचारले असते, तर सगळे नव्हे तरी काही खोटे तिथेच उघडे पडले असते. म्हणून हा प्रवास मला किरकोळ वाटत नाही.

चीनमध्ये तर आईबापांना जावेच लागे. पण तिथे काय झाले? ग्वांगजौ शहरातल्या व्हाइट स्वॉन हॉटेलात अमेरिकन जोडपी उतरत, कारण वकिलात जवळ होती. तिथे त्यांना एक बाहुली भेट मिळे: सोनेरी केसांची बार्बी, तिच्या कडेवर चिनी बाळ आणि नाव ‘घरी निघालेली बार्बी’. म्हणजे मूल इतके दिवस जिथे होते, ते घर नव्हेच! २०२४ च्या सप्टेंबरात चीनने ही दत्तकाची वाटच जवळजवळ बंद केली. बाहुल्या लोकांच्या कपाटांत राहिल्या असतील.

आता इथे आमचे एक वकील स्नेही टाळी देतात. “बरोबर बोललात! आपली पोरं गोऱ्यांना द्यायचीच कशाला?” थांबा वकीलसाहेब, टाळी मागे घ्या. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या खटल्यात हेच बजावले, की मूल आधी देशातल्या माणसांना. हेगचा करार तेच सांगतो, आजचा कायदा तेच सांगतो. माझ्या शाळेतली ही पोरही आधी आपल्याच माणसांना दाखवली होती. एकाने नाही, अनेकांनी नाही म्हटले. आज देशात तीस हजारांवर जोडपी दत्तकासाठी रांगेत आहेत, पण बहुतेकांना हवे आहे तान्हे, निरोगी, आणि जमले तर उजळ. साडेसात वर्षांची, पाऊल वळलेली मुलगी नको. वकीलसाहेबांची लेक त्याच रांगेत तीन वर्षे उभी आहे; तिला मी या पोरीबद्दल बोललो होतो. ती म्हणाली, “काका, मोठं मूल आपलं होत नाही हो.” मग जे आपले करून घेतात त्यांच्यावर दात का खाता? ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत आपला केला, लोक काय म्हणतील याची तमा बाळगली नाही, तिथून आमचे गाव फार दूर नाही.

२०२४-२५ या वर्षात देशात साडेचार हजारांवर मुले दत्तक गेली. त्यांतली परदेशी गेलेली चारशेच्या आतली. संख्या थोडी आहे. म्हणूनच तर नीट करता येईल! परदेशी पालकाने मुलाच्या गावी निदान महिनाभर राहावे, आणि दत्तकाच्या हुकुमात ते लिहावे. रजा मिळत नाही म्हणता? बाळंतपणाला मिळते ना? निघण्यापूर्वी मराठीचे, नाहीतर त्या मुलाची जी भाषा असेल तिचे, दोनशे शब्द शिकून यावे; भूक, भीती, शी, आई, गोधडी. मुलाच्या शाळेत एक दिवस बाकावर बसावे. नाव बदलू नये. आणि गेल्यावर दोन वर्षे जे अहवाल येतात त्यांत वजन-उंचीबरोबर मुलाने मराठीत लिहिलेल्या चार ओळीही याव्यात. संस्था म्हणेल, खर्च कोण करणार? मी म्हणतो, विमानाला पैसे आहेत तर खानावळीला का नाहीत?

त्या बाईंना मी हे सगळे, रागासकट, माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहून कळवले. उत्तर येणार नाही असेच वाटले होते. गणपतीच्या आधी आले. नाताळच्या सुट्टीत तिघेही येत आहेत, दोन आठवड्यांसाठी. महिना जमत नाही, पण पोरीने शाळा पाहायची म्हटले आहे. हे मात्र तिने इटालियनमध्ये म्हटले. हॉटेलात उतरू नका, असे मी लिहिले आहे. आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत तिघांना पथारी होते. माझी पत्नी ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढून बसली आहे.