तळघराचं पाणी बाहेरच अडवा

दरवर्षी मे महिन्यात सोसायट्यांच्या कमिट्या वॉटरप्रूफिंगवाल्यांना बोलावतात. तेव्हा पार्किंगच्या तळघराची भिंत ठणठणीत कोरडी असते आणि गेल्या पावसाळ्यात ओघळ नेमका कुठून सुरू झाला होता, हे कोणालाच धड आठवत नाही. ठेकेदार भिंतीवरून हात फिरवतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि आतून केमिकलचे दोन हात मारून जातो. जुलैत पाणी पुन्हा येतं, कधी त्याच जागी, कधी चार फूट पलीकडे. पुढच्या मे महिन्यात दुसरा ठेकेदार. हा पैसा वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाचवायचा तर काम आत्ता, भिंत गळत असतानाच सुरू करायला हवं. दुरुस्तीचं नव्हे, पाणी कुठून येतंय ते शोधण्याचं.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी पाहू. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या भागांत बहुतेक ठिकाणी वर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण असतो. पावसाचं पाणी मुरमातून झपाट्याने खाली उतरतं आणि खडक लागला की त्याच्या उतारावरून, भेगांमधून आडवं वाट काढतं. नेमक्या त्या वाटेवर आपण ब्रेकर लावून दहा-बारा फुटांचा खड्डा घेतो. विहीर खणायची रीत याहून फारशी वेगळी नाही. खड्ड्यात भिंत उभी राहिली की त्याची कड आणि भिंत यांच्यामधली सांद बांधकामाच्या राडारोड्याने बुजवली जाते. ही भर भुसभुशीत असल्याने आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन साठतं आणि पावसाळाभर भिंतीला टेकून उभं राहतं.

साठलेल्या पाण्याचा दाब खोलीच्या दर मीटरला चौरस मीटरमागे एक टन या हिशेबाने वाढतो. बाहेर तीन मीटर पाणी उभं असेल तर भिंतीच्या पायथ्याशी प्रत्येक चौरस मीटरवर तीन टनांचा रेटा असतो, आणि तळाच्या राफ्टला, म्हणजे काँक्रीटच्या सलग पायालाही, तो खालून वर ढकलत असतो. आतल्या बाजूने मारलेल्या थराला हा रेटा मागून बसतो. थर भिंतीपासून सुटतो, फुगे येतात, पापुद्रे पडतात. तोच थर बाहेरून असता तर पाण्याने त्याला भिंतीवर आणखी घट्ट दाबून धरलं असतं. म्हणूनच बांधकामाच्या वेळी खड्ड्यात तळाशी आणि भिंतींच्या बाहेरून शाहाबादी फरशीची पेटी करायची पद्धत आपल्याकडे रुळली. आता मेंब्रेनही आली आहेत. साहित्य कुठलंही वापरा, ते पाण्याच्या बाजूला हवं.

चांगल्या, नीट दाबलेल्या काँक्रीटमधून पाणी सहसा येत नाही. ते सांध्यांतून येतं. राफ्ट एका दिवशी ओतलेला असतो आणि भिंत काही दिवसांनी. त्या जोडात वॉटरस्टॉपची पट्टी घातली नसेल, किंवा घालताना दुमडली असेल, तर भिंतीच्या तळाशी सरळ रेषेत ओल दिसते. शटरिंगच्या टाय-रॉडची भोकं वरवर बुजवली असतील तर ठरावीक अंतरावर गोल डाग पडतात. व्हायब्रेटर नीट न फिरल्याने राहिलेली पोकळ, जाळीदार जागा असेल तर तिथे पाणी पाझरत राहतं आणि पांढरा लोणा धरतो. पाइप भिंतीतून जातो ती जागा तर कायमची संशयित. प्रत्येक डागाचा तारखेसह फोटो काढा, पाऊस किती तासांनी भिंतीत दिसला ते लिहा. पावसाबरोबर येऊन पावसाबरोबर थांबणारं पाणी वरच्या फटीतून किंवा रॅम्पकडून आलेलं असतं. पाऊस उघडल्यावरही दिवाळीपर्यंत झिरपणारं पाणी भूजल असतं. आणि भर उन्हाळ्यातही न आटणारा डाग बहुधा आपल्याच जमिनीखालच्या टाकीचा किंवा ड्रेनेजचा असतो. शंका असेल तर त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नळाच्या पाण्याशी ताडून पाहा. मीटर स्वस्त मिळतो. पुण्यात खडकवासल्याच्या पाण्यात क्षार कमी, जमिनीतल्या पाण्यात बरेच जास्त, त्यामुळे अंदाज येतो. बंगल्याच्या तळघरात भिंत नुसती दमट वाटत असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर दोष कोंडलेल्या हवेचा आहे, भिंतीच्या बाजूला आले तर झिरपण्याचा.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा नकाशात दाखवावाच लागतो. पण तळघर प्लॉटच्या हद्दीपर्यंत नेलेलं असतं, मोकळी जागा उरते ती फक्त भिंतीलगत. मग अख्ख्या गच्चीचं पाणी पाइपाने आणून तळघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर जमिनीत सोडतात. एका बाजूने पुनर्भरण, दुसऱ्या बाजूने तेच पाणी पंपाने उपसून गटारात. वीजबिल रहिवाशांचं. पुनर्भरण हवंच, पण ते भिंतीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. तशी जागा नसेल तर गच्चीचं पाणी टाकीत साठवून वापरा.

दिवाळीनंतर पाणी खाली गेलं की काम करायचं. शक्य असेल तिथे बाहेरून खणा, तेही स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सल्ल्याने आणि तुकड्या-तुकड्याने, सलग सगळी भिंत उघडी न पाडता. भोकं, सांधे बुजवून थर द्या. पायथ्याशी खडी आणि जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळलेला छिद्रांचा पाइप टाकून पाणी पंपाच्या खड्ड्यापर्यंत (संपपर्यंत) न्या. शेजारची इमारत खेटून असेल आणि खणता येत नसेल, तर आतून पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटिंग हा रास्त उपाय आहे. त्यात सांध्यात नळ्या बसवून दाबाने रसायन आत भरतात. पण ते भरायचं कुठे, हे पावसाळ्यातले फोटोच सांगतात. पंप दोन ठेवा, एक जनरेटरवर. उपसलेलं पाणी रोज गढूळ येत असेल तर भिंतीमागची माती वाहून चालली आहे असं समजून लगेच इंजिनीअरला बोलवा.

पण भिंतीतून येणारं पाणी अडवलं म्हणजे सगळं झालं असं नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या खोल पेवांत साठवत. तिथली मातीच अशी की आत ओल शिरत नसे, म्हणून तर ही साठवण तिथे रुजली. तरी 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी वरून शिरलं आणि पेवं बुडाली. वरून येणारं पाणी हा वेगळाच धोका आहे. 27 जुलै 2024 ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये कोचिंग क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत रस्त्याचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आणि त्यामागे जाळीची पन्हळ एवढं तरी प्रत्येक इमारतीत असलंच पाहिजे. ज्या तळघरातून वर यायला एकच वाट आहे तिथे झोपायची खोली, क्लास किंवा पाळणाघर चालवणं मला मान्य नाही. भिंत कितीही कोरडी असली तरी.

नव्या इमारतींसाठी आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर विकासकाने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तळघराची गळती हा बांधकामातला दोष आहे आणि तो लेखी कळवायला हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची कुरकुर पुरावा म्हणून लंगडी पडते. तुमच्या इमारतीला चौथं किंवा पाचवं वर्ष चालू असेल तर पुढच्या मे महिन्याची वाट पाहू नका. या पावसाळ्यातले फोटो जोडून पत्र आत्ताच पाठवा आणि पोच घ्या.