बिनबोलावलेली साक्ष

कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहासमोर काढलेला एखाद्या नाट्यसंस्थेचा ग्रुप फोटो घेऊ. पुढे कलाकार ओळीने उभे. मागे विजेच्या तारा, लावून ठेवलेली मोटारसायकल, अर्धवट दिसणारा प्रयोगाचा फ्लेक्स आणि चौकटीत चुकून आलेला वाटसरू. ग्रुपवर टाकण्याआधी हे सारे बोटाने पुसता येते आणि फोटो खरोखरच सुबक दिसतो. या सोयीला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही; निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारे कारागीर पूर्वीही होते. बदलली आहे ती पुसल्यावर मोकळी झालेली जागा भरण्याची रीत.

२०१० मध्ये फोटोशॉपमध्ये आलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ ही सोय ती जागा मुख्यतः त्याच छायाचित्रातले तुकडे जुळवून भरत असे. त्यामुळे भिंतीचा एखादा डाग दोनदा उमटे आणि जाणकाराला फेरफार ओळखता येई. २०२३ मध्ये आलेले ‘जनरेटिव्ह फिल’ मात्र असंख्य चित्रांवरून शिकलेल्या संभाव्यतेच्या आधारे नवा भाग रचते. वाटसरूच्या मागे भिंतीला तडा होता की खिडकी, हे त्या प्रणालीला ठाऊक नसते. अशा ठिकाणी सहसा काय असते, एवढेच तिला सांगता येते. नोंदीच्या जागी अंदाज बसतो, आणि तो नोंदीइतकाच खरा दिसतो.

पार्श्वभूमीची गरज बहुधा मूळ वस्तू गेल्यावरच भासते. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. अशा वास्तूच्या दारांची ठेवण, रंगकाम, नंतरची जोडकामे यांचा माग काढताना आराखड्यांच्या जोडीला हौसेने काढलेले फोटो उपयोगी पडू शकतात, ते नेमके त्यांत आपसूक आलेल्या तपशिलांमुळे. फ्लेक्सवरच्या नाटकाच्या नावावरून तर फोटोचा काळही ठरवता येतो.

असा फोटो पुरावा म्हणून पुढे आला, तर कायद्याची तपासणीही अपुरी पडते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, नोंदवले जाते. त्यावरून फाइल त्यानंतर बदलली नाही हे दाखवता येते, त्याआधी चित्रातून काय काढले हे नाही. फाइलमध्येच फेरफाराची नोंद ठेवणारी तंत्रे आहेत, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की सोबतची माहिती बहुतांशी गळून पडते.

एका फोटोतला फ्लेक्स गेल्याने इतिहास बुडत नाही, कारण दुसऱ्या फोटोशी तो ताडून पाहता येतो. पण ताडून पाहण्याला अर्थ असतो तो दोन साक्षी परस्परांपासून स्वतंत्र असतात तोवरच. एकाच प्रणालीने भरलेल्या जागा चुकल्या तर सारख्याच रीतीने चुकण्याचा संभव अधिक. म्हणून सुबक प्रत खुशाल वाटावी, मूळ फाइल मात्र तारखेसह वेगळी राखावी आणि संस्थांनी आपल्या संग्रहासाठी तीच मागून घ्यावी. एरवी पुढच्या अभ्यासकाकडे फोटोंचा तुटवडा नसेल; पण दोन फोटोंत सारखीच दिसणारी खिडकी खरोखर तिथे होती, की दोन्हीकडे यंत्राने तशीच कल्पिली, हे ठरवण्याचे साधन त्याच्या हाती नसेल.