घराला कुलूप, आत कुत्रा: त्याला एकटं राहायला कसं शिकवायचं?

ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिला, 22 ऑगस्टला तो बदलला आणि विषय देशभर गेला. तेव्हापासून चर्चा आहे ती रस्त्यावरच्या कुत्र्यांची. बंद घरात दिवसभर रडणारा पाळीव कुत्रा मात्र शेजाऱ्यांनी तक्रार केली तरच आठवतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात पूर्वी वाड्यात किंवा शेतवस्तीवर कुणी ना कुणी असायचंच. आता नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत आणि लॅब्राडॉर फ्लॅटमध्ये एकटा. मग तो दार ओरबाडतो, चपला फाडतो, घरातच लघवी करतो. मालकाला वाटतं, मुद्दाम करतोय. खरं तर बहुतेक वेळा ती घाबरगुंडी असते, कधी नुसता कंटाळा. नेमकं काय, हे जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलं की कळतं. माणूस जाताच पहिल्या काही मिनिटांत धापा, येरझाऱ्या, रडणं सुरू झालं तर ती भीती समजावी.

भीतीवर मार हा उपाय नाही, त्याने ती वाढते. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. किल्ली उचलायची, चप्पल घालायची आणि परत खुर्चीत बसायचं. असं रोज केलं की किल्लीच्या आवाजाची धास्ती जाते. मग दाराबाहेर दहा सेकंद, नंतर अर्धा मिनिट, नंतर पाच. कुत्रा शांत असतानाच परत यायचं. तो घाबरला तर वेळ कमी करायचा. हे शिकवणं चालू असताना त्याला तासन्‌तास एकटं सोडलं तर केलेलं पाण्यात जातं. तेवढे दिवस आजी-आजोबा किंवा शेजारी लागतात. जाण्याआधी फिरवून आणावं आणि चघळायला काहीतरी द्यावं. त्रास फारच असेल तर पशुवैद्यकाला दाखवावं, यावर औषधंही आहेत.

साखळीने बांधून जाणं हा सोपा मार्ग वाटतो. पण कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! एवढ्यात चहाही जेमतेम येतो, त्यामुळे कायद्याचा धाक कुणाला वाटावा?

मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर पत्र्याच्या खोलीत कोंडलेल्या कुत्र्याचा जीवही जाऊ शकतो. वीज गेली तरी हवा खेळेल अशी खोली आणि सांडणार नाही असं जड भांडं भरून पाणी, एवढं झाल्याशिवाय कुलूप लावू नये.