परसातील वेल : कृष्णकमळ

सुरतेच्या लिंबायत भागातून एका भगिनीने विचारले आहे की, गॅलरीतील डब्यात लावलेल्या कृष्णकमळाच्या पानांचा काढा झोपेसाठी द्यावा काय? खानदेशातून तेथे जाऊन वसलेल्या मराठी कुटुंबांत यंत्रमागाची रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारे कर्ते पुरुष पुष्कळ. दिवसा त्यांचा डोळा लागत नाही. तेव्हा हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हे.

कृष्णकमळाचे कूळ बहुतांशी अमेरिका खंडातले. तेथे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंना या फुलात प्रभूचे दुःखसहन दिसले, आणि १६१० साली रोममध्ये जाकोमो बोझिओ याने क्रूसावरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. तंतूंचे कडे हा काट्यांचा मुगुट, पाच पुंकेसर ह्या पाच जखमा, वरचे तीन फाटे हे तीन खिळे. आणि दहा पाकळ्या म्हणजे पेत्र व यहूदा वगळून उरलेले प्रेषित, असा अर्थ पुढे रूढ झाला. आपल्या शेजारच्या हिंदू घरी मात्र त्याच फुलात शंभर कौरव व पाच पांडव पाहतात. फूल बिचारे एकच!

आता औषधाविषयी. या कुळातील पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा नावाच्या जातीची वाळलेली पाने व फुले युरोपात मनाचा ताण आणि निद्रानाश यांवर दीर्घकाळ वापरात आहेत. युरोपीय औषध संस्थेने हा उपयोग मान्य केला आहे. परंतु तो परंपरेच्या आधारावर, प्रयोगांनी सिद्ध झाला म्हणून नव्हे. १२ वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना ते देऊ नये, असेही तिने सांगितले आहे. शिवाय त्याने गुंगी येऊ शकते. मागापुढे उभे राहणाऱ्याने हे विसरून कसे चालेल?

खरी अडचण निराळीच आहे. कृष्णकमळ या एका नावाखाली आपण अनेक जाती लावतो, आणि या कुळातील कित्येक जातींच्या पानांत व कच्च्या फळांत सायनाइड हे विष उत्पन्न करणारी द्रव्ये असतात. डब्यातली वेल कोणत्या जातीची, हे घरच्या घरी ठरविणे कठीण. म्हणून त्या भगिनीस आमचे स्पष्ट उत्तर : काढा करू नका.

त्याऐवजी निजण्याच्या खोलीच्या खिडकीस जाड काळे कापड लावावे, पाळी सुटण्याच्या सुमारास चहा टाळावा. इतके करूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांस दाखवावे. वेल मात्र उपटू नये. तिचे फूल जेमतेम एक दिवस टिकते. वेदीसाठी नेणाऱ्यांनी ते उमलल्याबरोबर खुडावे.