दूरचे परके आणि शेजारचे परके

शाळेच्या पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द चढला की फी वाढते, एवढे आता कोणत्याही धर्मग्रामातील पालकाला ठाऊक झाले आहे. वर्षातून एक दिवस देशोदेशींचे झेंडे, वेष आणि खाद्यपदार्थ. झाला संस्कृतींचा परिचय! आमची हरकत परदेशी संस्कृतीला नाही. परिचय म्हणजे प्रदर्शन, या समजुतीला आहे. आणि त्या समजुतीला भुलून पदरमोड करणाऱ्या आपल्याच कॅथलिक कुटुंबांना आमचे दोन शब्द सांगायचे आहेत.

ज्याने ही कल्पना रुजवली त्या कुर्ट हान यांना असले प्रदर्शन अभिप्रेत नव्हते. हान हे १८८६ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. १९२० साली सालेम येथे त्यांनी निवासी शाळा काढली. हिटलर की शाळा, दोहोंतून एकाची निवड करा, असे त्यांनी १९३२ साली आपल्या माजी विद्यार्थ्यांना लिहून कळवले. पुढच्याच वर्षी त्यांना तुरुंग दिसला आणि सुटकेनंतर ब्रिटनचा आश्रय घ्यावा लागला. त्यांच्या प्रेरणेने १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनाट्सच्या जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. महायुद्ध संपून जेमतेम सतरा वर्षे लोटली होती. ज्यांचे वडील परस्परांविरुद्ध लढले, अशी मुले तेथे एका छपराखाली राहू लागली. आणि त्यांना काम दिले गेले ते समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचे. अनेक दशके तेथील बचावनौका विद्यार्थीच चालवीत असत. लाट अंगावर येते तेव्हा शेजारचा वल्हेकरी जर्मन की इंग्रज, श्रद्धावान की नास्तिक, हे विचारायला सवड नसते. आधी काम, कामातून विश्वास आणि मग समजूत, असा हा क्रम आहे.

या परंपरेतील १८ संस्था आज जगभर आहेत. त्यांतील एक आपल्याच मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या टेकडीवर १९९७ पासून आहे. अनेक देशांची मुले तेथे दोन वर्षे एकत्र राहतात, शिकतात, आसपासच्या गावांत सेवा करतात. पुष्कळांना शिष्यवृत्तीही मिळते. या संस्थेविषयी आम्हाला आदर आहे. पण टेकडीवर किती मुले मावणार?

याच संस्थापरिवारातील दुसरे उदाहरण कॅथलिकांनी अवश्य अभ्यासावे. बोस्नियातील मोस्तार हे नदीच्या दोन तीरांवर वसलेले शहर. तेथील क्रोएट बहुतांशी कॅथलिक, बोस्नियाक बहुतांशी मुस्लिम. पिढ्यान्पिढ्यांचे हे शेजारी १९९३ साली एकमेकांवर तुटून पडले. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला क्रोएट तोफांनी शहराचा पुरातन पूल पाडला. पूल २००४ साली पुन्हा उभा राहिला. शाळा मात्र जुळल्या नाहीत. शहरातील जुन्या जिम्नॅशियमचे व्यवस्थापन एक झाले, पण क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा आणि बोस्नियाक मुलांचा वेगळा, असे दोन प्रवाह राहिले. आणि त्याच इमारतीत २००६ पासून आंतरराष्ट्रीय कॉलेज भरते. तेथे हीच दोन्हीकडची मुले परदेशी मुलांसह एका वर्गात बसतात. म्हणजे एकत्र बसणे अशक्य नव्हते. ते मूठभरांसाठीच शक्य केले गेले.

आता आपल्या शाळांकडे वळू. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले एका खोलीत जातात, बाकीची नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या. यात गैर काही नाही. आपल्या मुलांना आपला धर्म शिकवणे हे आपले कर्तव्यच आहे. पण त्यानंतरची कोणती घंटा त्यांना एकत्र कामाला लावते? वर्षानुवर्षे एका बाकावर बसून आपल्या मुलाला शेजारच्या मुस्लिम वा नवबौद्ध मुलाचे घर ठाऊक नसते. पालकांना विचारावे तर उत्तर मिळते, ‘आपण संख्येने थोडे, मिसळलो तर विरघळून जाऊ.’ खरी भीती लग्नाची असते, ती उघड बोलली जात नाही एवढेच! आम्ही त्या भीतीची थट्टा करीत नाही. पण जी श्रद्धा शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकत नाही, ती परदेशी वसतिगृहात टिकेल, हा हिशेब कोणत्या गणिताचा? तिकडे मुलगा जपानी मुलाबरोबर जेवतो याचे आपल्याला कौतुक, इकडे इद्रिसच्या घरी जेवला तर चौकशी!

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा आणि ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचा, असे दोन्ही जाहीरनामे एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केले. आपण पहिल्याच्या आधारे शाळा चालवतो आणि दुसरा कपाटात ठेवतो.

बचावनौका आपल्याकडे नसेल. पावसाळ्यात तुंबणारी गटारे, आजारी वृद्ध आणि शिकवणीवाचून मागे पडलेली मुले प्रत्येक धर्मग्रामात आहेत. आठवड्यातून एक दुपार सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांनी मिळून या कामासाठी द्यावी, कॅथलिक मुलांची वेगळी तुकडी करू नये. पुढच्या पालकसभेत फी आणि गणवेश यांच्या आधी हा विषय घ्यावा, अशी आमची मुख्याध्यापकांकडे आणि धर्मगुरूंकडे मागणी आहे.